सकाळची फूक

आमच्यात आभार मानायची पद्धत नाही. कुणी उपकार केले तर पुढच्या सणाला त्याच्या घरी पुरणाच्या पोळ्या पाठवायच्या, त्याच्या लेकीच्या लग्नात चार दिवस राबायचं, पण तोंडानं 'आभारी आहे' म्हणायचं म्हणजे आपल्या माणसाला परकं करायचं. मीही जन्मभर तेच केलं. यंदा मात्र मला तोंडानंच बोलायचं होतं. ज्यांना बोलायचं होतं त्यांनी माझी काय गत केली, ते शेवटी सांगते.

मी गौरम्मा. जळकोटला राहते. अंगणवाडीत लोकांची लेकरं सांभाळण्यात उमर गेली, आता घरी असते. जिभेची तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. गावात लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूससुद्धा माझ्या दारातूनच पत्रिका देऊन काढता पाय घेतो. नवरा लवकर गेला, पोटी लेकरू नाही. वैजनाथ माझा धाकटा भाऊ. मला अक्का म्हणतो. आई गेली तेव्हा तो रांगत होता, तेव्हापासून तो माझाच.

वैजनाथ टेम्पो चालवायचा. इकडून भाजीपाला नांदेडला न्यायचा, येताना किराणा आणायचा. त्याची बायको मल्लम्मा, फार गुणाची पोर. माझ्यासारखीशीसुद्धा तिनं कधी वाद घातला नाही, ह्यावरूनच समजा. तिच्या किडन्या गेल्या आणि घराचं सगळं बिघडलं. दर दोन-तीन दिवसांनी नांदेडचा दवाखाना. दिवसा तिला घेऊन जायचं, तिच्या उशाशी बसायचं, रात्री टेम्पो हाणायचा. झोप म्हणून राहिली नाही त्याला. कुणीतरी म्हणालं, एक क्वार्टर घेत जा, पडल्या पडल्या डोळा लागेल. डोळा लागला. आधी झोपण्यासाठी घ्यायचा, मग उठण्यासाठी घ्यायला लागला, आणि शेवटी शेवटी मल्लम्माच्या तोंडाकडे बघायची हिंमत व्हावी म्हणून घ्यायचा. तिच्या मातीला त्याला दोघांनी धरून आणावं लागलं.

लोक मला म्हणायचे, 'दुःखात हाय बिचारा, पिऊ द्या जरा.' मला ह्या लोकांचा अजून संताप येतो. दुःखात आहे ना? मग त्याला जेवायला बोलवा. एक रात्र त्याचा टेम्पो तुम्ही चालवा आणि त्याला झोपू द्या. ते कुणाच्या हातून झालं नाही. पेला मात्र सगळ्यांनी पुढं केला. आणि पुढं जे व्हायचं ते झालं तेव्हा हेच लोक पहिल्यांदा म्हणाले, 'दारुडाच हाय त्यो.'

झालं ते असं. उन्हाळ्याचे दिवस होते. दिवेलागणीच्या वेळी हणमंतराव म्हैस घेऊन रानातून घराकडं चालले होते. आमच्याच शिवारातला म्हातारा शेतकरी, लोकांच्या भानगडीत न पडणारा. मागून वैजनाथचा टेम्पो आला आणि रस्ता सोडून खाली उतरला. म्हैस वाचली. हणमंतरावांचा पाय मात्र चाकाखाली आला, मांडीपासून मोडला. वैजनाथ खाली उतरला, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच मातीत बसला आणि मोठमोठ्यानं रडायला लागला. लोक जमले, त्यांनी त्याला बडवलं, मग पोलीस आले. रक्त तपासलं, त्यात दारू निघाली. दारू पिऊन गाडी चालवली, माणूस जायबंदी केला, असा गुन्हा दाखल झाला. वकिलानं त्याला जामिनावर सोडवलं.

हणमंतरावांना दवाखान्यातून घरी आणल्याचं कळलं तशी मी वैजनाथला दंडाला धरून त्यांच्या दारात नेलं. म्हातारा अंगणात बाजेवर पडलेला, पाय प्लास्टरात. माझ्या भावानं बाजेच्या खुराला डोकं टेकलं.

"मामा, चुकलं माझं," म्हणाला.

हणमंतरावांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "पाया पडून पाय जुळतो का रं?"

वैजनाथनं डोकं तसंच टेकून ठेवलं.

"पोरं दोन्ही पुण्याला. धार काढायला मानूस न्हाई माझ्याकडं. ही एकटी कुठं कुठं पुरी पडंल? सकाळी ये. दिस उगायच्या आत ये."

घरात भांडं आपटल्याचा आवाज आला. त्या हणमंतरावांच्या मालकीण, साखराबाई. त्या बाहेर आल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग आला नाही. माझ्या नवऱ्याला कुणी असं बाजेवर पाडलं असतं तर मी भांडं जमिनीवर आपटलं नसतं, त्याच्या टाळक्यात घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ निघाला तशी मीही मागोमाग गेले. भरोसा नव्हता मला त्याचा. हणमंतरावांनी त्याला बाजेजवळ बोलावलं.

"हिकडं ये. वाक खाली. फूक."

"काय मामा?"

"माझ्या तोंडावर फूक म्हनलं."

वैजनाथनं फुंकर घातली. म्हाताऱ्यानं नाक वाकडं केलं. "जा घरी," म्हणाला, आणि कूस वळवता येत नव्हती म्हणून नुसतं तोंड फिरवलं.

त्या दिवशी मी वैजनाथला घेऊन नांदेडची बस धरली. सरकारी दवाखान्यात दारू सोडवायचा वॉर्ड आहे, तिथं त्याला भरती केलं. दारू तुटली की माणसाचं काय होतं ते मी तिथं पाहिलं. हातपाय लटलट कापायचे, भिंतीवर नसलेली माणसं दिसायची, मल्लम्माला हाका मारायचा. तिथली डॉक्टरीण वयानं लहान होती. ती आली की सरळ त्याच्याशी बोलायची, माझ्याशी नाही. मला आधी राग आला, कारण सगळी माहिती मीच देणार होते. मग ध्यानात आलं, की बऱ्याच दिवसांत त्याच्याशी कुणी सरळ बोललंच नव्हतं. आम्ही सगळे त्याच्याविषयी बोलत होतो. तिचंही मी देणं लागते, पण ती माझे आभार तरी नीट ऐकून घेईल, म्हणून तिला नंतर फोनवर बोलून टाकलं.

परत आला तो थेट हणमंतरावांच्या अंगणात गेला.

"फूक."

फुंकर घातली.

"हं. बादली तिथं हाय."

एवढंच. म्हाताऱ्यानं त्याला कधी उपदेश केला नाही. दारू वाईट, संसाराची राखरांगोळी होते, हे सगळं वैजनाथ माझ्या तोंडून ऐकून ऐकून बहिरा झाला होता. हणमंतराव फक्त वास घ्यायचे आणि बादलीकडं बोट दाखवायचे. धार झाली की शेण काढ, मग रानात जा, ज्वारीला पाणी दे. पायाचं प्लास्टर निघालं, हाड वाकडंच जुळलं, काठी आली, तरी सकाळची फूक सुटली नाही.

दिवाळीत तो पुन्हा घसरला. मल्लम्मा नसलेली पहिली दिवाळी. पाडव्याच्या सकाळी बाजेपाशी वाकला आणि हणमंतराव म्हणाले, "जा घरी." तो घरी आला नाही. दिवसभर त्यांच्या बांधावर उन्हात बसून राहिला. मी डबा घेऊन गेले तर माझ्याशी बोलेना. दुसऱ्या सकाळी पुन्हा अंगणात हजर झाला, पुन्हा वाकला, फुंकर घातली. "हं," म्हातारा म्हणाला, "बादली तिथं हाय." आदल्या दिवसाचा शब्दही नाही. मी घरी येऊन देवापुढं बसले आणि रडले. मी सहसा रडत नाही.

साखराबाईंनी मात्र तोंड उघडलं नाही. तो गोठ्यात असला की त्या घरात, तो रानात गेला की त्या गोठ्यात. चहा सोडाच, पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी कधी पुढं केला नाही. वैजनाथ घरून बाटलीत पाणी न्यायचा.

इकडं कोर्टाची तारीख आली. वकिलाचं म्हणणं, खटला लढवू, वर्षानुवर्षं चालेल. वैजनाथनं ऐकलं नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी दारू पिलो व्हतो. मीच केलंय. आता सोडलीय." वकिलानं कपाळाला हात लावला. पण न्यायाधीशांनी लगेच शिक्षा दिली नाही. गुन्हा पहिलाच असेल आणि माणूस सुधारण्यासारखा असेल, तर कोर्ट त्याला तुरुंगात न टाकता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकतं म्हणे. त्यासाठी आधी परिवीक्षा अधिकारी गावात येऊन चौकशी करणार, माणूस कसा आहे, अजून पितो का, कोणात राहतो, ते बघणार आणि कोर्टाला अहवाल देणार. अहवाल चांगला गेला तर घर, वाईट गेला तर तुरुंग. "कधीही येतील," वकील म्हणाला, "आधी सांगून येत नाहीत."

त्या आल्या त्या नेमक्या येळवशीला.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांना सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर भागात कुणी घरी थांबत नाही. सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची, मग तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली आंबील. रस्त्यानं कुणी अनोळखी माणूस चालला असेल तर त्यालाही हाका मारून पंगतीला बसवायचं. गावात त्या दिवशी कुत्रंही भुंकत नाही, कारण तेही मालकाबरोबर रानात गेलेलं असतं.

परिवीक्षा अधिकारी वर्षाराणी मॅडम नव्यानंच बदलून आलेल्या. मूळच्या हिमायतनगरच्या, तिकडं येळवस नाही. त्यांनी कॅलेंडरात स्थानिक सुट्टी बघितली आणि विचार केला, सुट्टीच्या दिवशी माणसं हमखास घरी सापडतात. स्कूटीवर आल्या, तर आख्खी गल्ली कुलूपबंद. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या केवळाबाई ओट्यावर दिसल्या, गुडघ्यांमुळं त्यांना रानात जाता आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, "वैजनाथ व्हय? त्यो हणमंतरावाच्या रानात हाय." हे नाव मॅडमच्या कागदात होतं. ज्याचा पाय मोडला तो माणूस. त्यांनी स्कूटी वळवली.

हणमंतरावांनी त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. "अक्काला घिऊन ये," असा निरोप. वैजनाथनं पहाटेपासून राबून खोप उभी केली, आंबिलीचं मडकं डोक्यावरून आणलं, म्हाताऱ्याला खांद्याचा आधार देत बांधावरून चालवलं. पूजा झाली, जेवणं झाली. साखराबाईंनी सगळ्यांना वाढलं. वैजनाथच्या पानात मात्र हणमंतरावांनी स्वतः काठी टेकत वाढलं, कारण त्याच्यापाशी येताच साखराबाईंचा हात आखडला. पोटभर जेवून, वर तीन-चार तांबे आंबील रिचवून वैजनाथ बोरीच्या सावलीला पडला आणि घोरायला लागला. आंबील म्हणजे ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, सगळं मडक्यात आंबवलेलं. दुपारच्या उन्हात ती पोटात गेली की भला माणूस आडवा होतो. अर्धं शिवार त्या वेळी झोपलेलं असतं.

मॅडम आल्या तेव्हा माझा भाऊ असा होता: तोंड उघडं, शर्टावर सांडलेलं, उशाशी उपडा तांब्या आणि अंगाला आंबूस वास. त्या त्याच्यावर वाकल्या आणि झटकन मागं सरल्या.

"वैजनाथ हेच का?"

मी धावत गेले. "हाव. तुमी कोण?"

त्यांनी ओळख सांगितली.

"दिवसाढवळ्या?" त्या म्हणाल्या. "कोर्टात सांगितलंय, सोडली म्हणून."

"आंबील पिलाय त्यो! येळवस हाय आज!"

"हे बघा बाई, मी रोज ऐकते. कुणी काढा घेतलेला असतो, कुणी खोकल्याचं औषध." आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की ते बाहेर पडतं तर अहवाल तिथंच लिहून झाला असता. उपकार देवाचे, की मागून हणमंतरावांचा आवाज आला.

"गौरम्मा, गप."

मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकून गप्प बसले असेन.

हणमंतराव काठी टेकत आले. मॅडमना म्हणाले, "बसा. येळवशीला उभ्यानं बोलत न्हाईत." मग काठीनं वैजनाथच्या तळव्याला ढोसलं. "ए. ऊठ. फूक."

वैजनाथ अर्धवट झोपेत उठून बसला. समोर कोण आहे, काय आहे, काही कळलं नव्हतं त्याला. पण 'फूक' कानावर पडलं तसा तो गुडघ्यावर आला, म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि मिटल्या डोळ्यांनी फुंकर घातली. मग बादलीसाठी हात लांब केला. रानात बादली कुठली? तो डोळे चोळत इकडं तिकडं बघायला लागला.

मॅडमनी विचारलं, "हे काय होतं?"

"रोजचं हाय," हणमंतराव म्हणाले. "सकाळी आला की मी वास घेतो. नासका असंल तर घरी धाडतो, चांगला असंल तर बादली देतो."

"रोज?"

"म्हैस रोज दूध देती, मॅडम."

मी तेवढ्यात तांब्याभर आंबील आणून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी आधी वास घेतला, मग घोट घेतला, मग उन्हातून आल्यामुळं असेल, सगळा तांब्या संपवला. हणमंतरावांनी त्यांना तोंड पुसू दिलं आणि शांतपणे म्हणाले, "आता तुमी फुका."

मला वाटलं, संपलं सगळं. सरकारी बाईला हे म्हातारं फुकायला सांगतंय! मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या ओंजळीत फुंकर घातली, वास घेतला आणि हसायला लागल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. मीही हसले. वैजनाथ तेवढा घाबरून उभा होता.

पण त्या वाहवत जाणाऱ्यातल्या नव्हत्या. हसू ओसरलं तशी त्यांनी वही काढली. "वासाचं मिटलं. पण आरोपी जखमी माणसाच्याच शेतात काय करतोय? तुमच्यावर त्यानं किंवा ह्या बाईंनी दबाव आणला असेल तर मला तसं लिहावं लागेल. तुमच्या घरातल्यांशी मी एकट्यात बोलेन."

घरातलं म्हणजे साखराबाई. ज्या बाईनं माझ्या भावाला पाण्याचा घोट दिला नव्हता, तिच्या तोंडावर आता त्याचं सगळं आयुष्य टांगलेलं. मॅडम त्यांना खोपीत घेऊन गेल्या. त्यांना वाटलं, आत आडोसा आहे. कडब्याच्या भिंतीला कसला आडोसा? बाहेर बसलेल्या आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि ऐकू नये म्हणून उठून जायची ताकद कुणात नव्हती.

"ह्या माणसावर तुमचा राग आहे?"

"हाय. लई हाय. ह्यांचा पाय बगितला की रोज नव्यानं येतो."

"तो इथं येतो, ते तुम्हाला चालतं?"

"न्हाई चालत."

वैजनाथनं मान खाली घातली. मी त्याचा हात धरला.

"मग त्याला तुरुंगात पाठवावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

मग साखराबाई बोलायला लागल्या, आणि इतके महिने साठवलेलं सगळं बाहेर आलं.

"त्याला आत घातला तर ह्यांचा पाय सरळ व्हतो का? व्हत असंल तर आत्ता घिऊन जावा, माझी ना न्हाई. न्हाई व्हत ना? मग हितंच ऱ्हाऊ द्या त्याला. हितं त्याला रोज सकाळी ह्यांचा वाकडा पाय दिसतो. तुरुंगात कुठं दिसंल? तिथं त्याच्यासारकीच मंडळी, इसरून जाईल समदं. आन् दुसरं म्हंजे..." त्या थांबल्या. "माजी म्हैस त्याच्याबिगर पान्हवत न्हाई आता. मधी दोन दिस दवाखान्यात गेला व्हता, गोळ्या आनाया, तर लाथा झाडून राहिली. मला बी जवळ यिऊ दिलं न्हाई. मी त्या मुक्या जनावराला काय सांगू, तुझा मानूस आत गेला म्हनून?"

हणमंतरावांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड दुसरीकडं वळवलं.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या वहीचं पान कोरंच होतं. "हे सगळं लक्षात राहील," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांना पंगतीला बसवलं. साखराबाईंनी त्यांना भज्जी वाढली, उंडा वाढला, आणि तसंच भांडं घेऊन त्या पुढं वैजनाथपाशी गेल्या. तो जेवलेला होता, तरी त्याच्यापुढं पान ठेवलं. डावभर भज्जी घातली.

"खा," म्हणाल्या. "पहाटपास्नं राबलास."

तो खात होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. दुपार कलली तेव्हा खोपीत बघते तर मॅडम वहीवर डोकं ठेवून गाढ झोपलेल्या. मी त्यांच्या अंगावर माझी शाल टाकली. आंबिलीपुढं सरकारचंही काही चालत नाही.

अहवाल काय गेला ते मी वाचलं नाही. कोर्टात न्यायाधीशांनी तो वाचला आणि चष्मा काढून वैजनाथकडं बघितलं. म्हणाले, हमीवर सोडता येईल. दारूला शिवायचं नाही, नांदेडचे उपचार चालू ठेवायचे, मॅडमपुढं हजेरी लावायची, गाडी चालवायचा परवाना बंद. आणि त्याच्या वागणुकीची जिम्मेदारी घेणारा, गावात घरदार असलेला जामीनदार पाहिजे.

आमच्या भावकीतली चार माणसं तिथं होती. चौघांनाही एकदम आपापल्या चपला दिसायला लागल्या. मी उठणार तेवढ्यात मागच्या बाकावरून काठीची ठकठक आली. हणमंतराव इस्त्रीचं धोतर नेसून आले होते.

न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही ह्या प्रकरणातले जखमी ना?"

"हाव."

"आणि तुम्हीच जामीन राहणार?"

"हाव."

"त्यानं परत दारू घेतली तर जबाबदारी तुमच्यावर येईल, हे समजतंय का?"

"समजतंय, साहेब. घेतली तर मला सकाळीच कळंल. तुमाला उशिरा कळंल."

कोर्टात हशा पिकला. वर्षाराणी मॅडम खाली मान घालून हसत होत्या. न्यायाधीशांनी हसू आवरलं आणि सही केली. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते, ती सोडली तेव्हा बोटं दुखत होती.

बाहेर आल्यावर न राहवून मी हणमंतरावांना विचारलं, "मामा, कामून केलं तुमी हे?"

ते चालत राहिले. एक हात काठीवर, दुसरा वैजनाथच्या खांद्यावर. "टक्कर मारून लोक पळत्यात, गौरम्मा. ह्यो पळाला न्हाई. मी मातीत पडल्यालो, पाय तुटल्याला, आन् ह्यो मला मांडीवर घिऊन रडतोय. मी म्हनलं, हे मरत न्हाई दारूनं. हे दुसऱ्या कशानं तरी मरून राहिलंय." मग वैजनाथला म्हणाले, "पाय उचल. धारंची येळ झाली."

त्या रात्री मला झोप आली नाही. मल्लम्मा गेल्यापासून जे जे कुणी काही केलं ते सगळं आठवत पडले. ती नांदेडची डॉक्टरीण. वही कोरी ठेवणाऱ्या मॅडम. रागात असूनही खरं बोलणाऱ्या साखराबाई. आणि हा म्हातारा, ज्यानं माझ्या भावाच्या तोंडाचा घाणेरडा वास रोज स्वतःच्या तोंडावर घेतला. ठरवलं, ह्या वेळी पोळ्या पाठवून भागणार नाही. तोंडानं बोलायचं.

सकाळी वैजनाथबरोबर निघाले. अंगणात हणमंतराव बाजेवर बसलेले. वैजनाथ वाकला, फुंकर घातली, बादली घेऊन गोठ्यात गेला. आतून साखराबाईंचा आवाज आला, "वैजनाथ, च्या घिऊन जा आधी." गोठ्यात म्हैस हंबरली. मी पदर नीट केला, हात जोडले आणि बोलायला लागले.

"मामा, मी जन्मात कुणाचे आभार मानले न्हाईत. पन तुमी माझ्या भावाला..." आणि मला रडू फुटलं. मी तशीच हात जोडून उभी. "तुमचे लई उपकार हायत. मी ते कधीच..."

हणमंतरावांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गौरम्मा," ते म्हणाले, "सकाळच्या पारी असलं काय बोलून राहिलीस? पिऊन आलीस का काय? हिकडं ये. वाक खाली. फूक."

मी वाकले, आणि रडत रडत त्यांच्या तोंडावर फुंकर घातली.